भोंगा आत्याचा कान

भोंगा आत्याला गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. खिंडीपलीकडे धूळही उठलेली नसायची आणि ती गोठ्यातूनच सांगायची, "येष्टी न्हाई, जीप हाय. नारायणगडाला चाललेत, लई भरलीय." थोड्या वेळानं माणसांनी लगडलेली जीप खरंच वळणावर दिसायची. साखर कारखान्याचा भोंगा दुष्काळात बंद पडला, त्या वर्षी तिला हे नाव पडलं. ती धनगरवस्तीवरची. आमच्या गावच्या दूध सोसायटीला तिच्या दोन म्हशींचं दूध यायचं. माझ्या नात्यातली नव्हे, पण सगळे आत्या म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो.

ती गेली. माझे वडील, अण्णा, तेही गेले. म्हणून आता लिहितोय. यात धाडस काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी सांगतोय त्या दुष्काळी उन्हाळ्यात वस्तीची विहीर पार कोरडी होती. ट्रॅक्टरला जोडलेला टँकर दिवसाआड येऊन विहिरीत पाणी ओतायचा आणि बाया काठावरून पोहऱ्यानं ते शेंदायच्या. उशीर झाला की वाट्याला गाळच. त्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर फुटलेला, तारेनं बांधलेला. त्याचा धडधडाट खिंडीपलीकडून फक्त आत्याला कळायचा. ती वस्तीभर हाक द्यायची आणि मग स्वतःची घागर उचलायची. आधी आपली भरून घे, मग ओरड, असं एकीनं सुचवलं, तर म्हणाली, "मंग ती चोरी झाली की गं." एकदा माझ्या तोंडावर हसत बोलली, "माजा कान तुमच्या सोसायटीच्या काट्यावानी न्हाई. खरं सांगतो."

अण्णा त्या सोसायटीचे चेअरमन. टँकर कुठल्या वस्तीवर कधी जायचा, तेही त्यांच्याच शब्दावर. मी बाविशीतला, हाताशी जुनी बुलेट. लोक पाण्यामागे धावत असताना मी सायलेन्सर बदलायला बीडला गेलो. मिस्त्रीनं एकामागून एक तीन लावून दाखवले. पहिला सभ्य वाटला. दुसरा बरा होता. तिसऱ्याची आतली जाळीच काढलेली. किक मारली तसे शेजारच्या टपरीवरचे ग्लास थरथरले. "मालक, ह्यो लावला की दोन कोसावरून कळंल कोण आलंय," मिस्त्री म्हणाला. मी तोच घेतला. कोण आलंय ते कळावं, एवढीच माझी त्या वयातली इच्छा होती.

परतताना मुद्दाम वस्तीच्या रस्त्यानं आलो. दुपार होती. टँकर ठरल्या दिवशी आलाच नव्हता, सगळे वाट बघत होते, पण हे मला माहीत नव्हतं, म्हणजे मी विचारलंच नव्हतं. खिंडीच्या चढाला गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली. खिंड उतरून पाहतो तर घराघरांतून बाया विहिरीकडे पळताहेत. मला वाटलं, गाडी बघायला येताहेत. खरंच तसं वाटलं. विहिरीजवळ आल्यावर मी थांबून दोनदा जोरात रेस दिली.

मागच्या बायांना वाटलं टँकर काठाला लागला. त्यांनी पुढे रेटलं. आत्याचं हिरवं लुगडं मला काठावर दिसलं, आणि मग दिसेना. विहिरीत पाणी नव्हतं. खालून आला तो दगडावर पडल्याचा आवाज. माझी मूठ अजून रेसवरच होती. मी गाडी बंद केली आणि तिथंच उभा राहिलो.

बाजेला दोर बांधून तिला वर काढली. मांडी दोन ठिकाणी मोडली होती. ती पुढे काठी टेकतच चालली. माझ्या गाडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. टँकर नसताना आत्यानं हाक दिली, आत्याचा कान गेला, एवढंच सगळे म्हणत राहिले. त्यानंतर तिनं हाक दिली तरी बाया आधी दारात येऊन धूळ उठते का ते बघायच्या. एक दिवस तिनं हाक देणंच सोडलं. मी मात्र ती पडली त्याच संध्याकाळी सायलेन्सर उतरवून कडब्याच्या गंजीमागे टाकला होता. माझ्या एका वाक्यानं तिचा कान तिला परत मिळाला असता. ते वाक्य मी अकरा वर्षं बोललो नाही.

बोललो ते पुन्हा एका दुष्काळात; टँकर तेव्हाही अण्णांच्याच शब्दावर चालायचा. ती लिंबाखाली बाजेवर बसली होती. त्या दिवशी तू चुकली नव्हतीस, तो आवाज माझ्या गाडीचा होता, असं मी एका दमात सांगून टाकलं.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

कधीपासून, एवढंच कसंबसं विचारलं.

"खाली पडल्यावर. वर तू गाडी बंद केलीस अन् माजा टँकर बी बंद झाला."

मग बोलली का नाहीस, लोक तुला बहिरी ठरवत होते, असं मी विचारलं. विचारताना मनात कुठंतरी सुखावलो होतो, की माझ्यावरच्या मायेपोटी गप्प राहिली असेल.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "टँकर कोणाच्या हातात व्हता, लेकरा? चेरमनाच्या पोरापायी पडले म्हणले असते, तर दुसऱ्या दिशी वस्तीला पानी आलं असतं का? तूच सांग."

ती पडली त्याच उन्हाळ्यात पलीकडच्या वस्तीतला एक जण बैठकीत उलट बोलला होता, आणि अण्णांनी त्या वस्तीचा टँकर आठवडाभर बंद ठेवला होता. ते मी घरात बसून ऐकलं होतं.

"कान गेला म्हणलं की भागत व्हतं," ती म्हणाली. मग सुनेला चहा टाकायला सांगून तिनं आवाज उतरवला. "अण्णाला बोललास का हे?"

मी नाही म्हणालो.

"नगं बोलू. अजून दोन म्हैने उन्हाळा हाय."