रांगेतला रिकामा चौकोन

वेळ पाळणं हे खातं आमच्या घरात माझ्याकडे कधीच नव्हतं. लग्नाच्या मुहूर्तावर मी हजर होतो, पण तेही मोठ्या मेव्हण्यांनी दंडाला धरून आणलं म्हणून. त्यामुळे सातवीतली लेक खो-खो खेळायला लागली आणि तिला रोज सकाळी भुसावळहून दीपनगरच्या मैदानावर सोडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "पोरीचं काही खरं नाही."

मैदानावर सहाला शिट्टी व्हायची. खेळ शिकवणाऱ्या मॅडम मूळच्या पिंपळनेरकडच्या. नोकरीसाठी इकडे आल्या, पण गमतीत आल्या की बोली तिकडचीच. त्या रागावत नसत, मैदानाला फेऱ्याही मारायला लावत नसत. जी मुलगी उशिरा येईल तिचा चौकोन त्या रिकामा ठेवायच्या, बस्स. रांगेत आठ जणी बसायच्या तिथे सात. पळणाऱ्या मुली त्या भगदाडातून खुशाल निसटायच्या, आणि उशिरा आलेली चुन्याच्या रेषेबाहेर उभी राहून डाव संपेपर्यंत ते बघत राहायची. शिवाय धुळ्याच्या स्पर्धेआधीच्या महिन्यात तीनदा उशीर झाला, तर बारा जणींच्या संघात नाव नाही.

लेकीला त्या बारांत जायचं होतं. जेवताना, अंघोळ करताना, झोपेत, तिला तेवढंच दिसत होतं.

पहिला उशीर माझ्या दुसऱ्या चहामुळे झाला. दुसऱ्याला मी एकटा दोषी नाही, बामणोदची वांगीही होती. थंडी नुकतीच पडू लागलेली. हमरस्त्याच्या कडेला एक नाना पाटी उतरवून बसलेले. पाटीत भरताची वांगी, हिरवी, लांबरुंद, देठावर अजून दव. आता खान्देशातला माणूस अशा पाटीवरून सरळ गाडी नेऊ शकतो का? मी थांबलो. वांगं हातात हलकं लागलं म्हणजे बी कमी. म्हणून एकेक उचलून, तोलून, परत ठेवून चार निवडली. लेक स्कूटरच्या मागच्या सीटवरून माझ्या हातातल्या वांग्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, तिलाही भरीत आवडतं.

पोचलो तर रांगेत भगदाड. लेक गुपचूप रेषेबाहेर जाऊन उभी राहिली. मी दोन वांगी घेऊन मॅडमकडे गेलो.

"मॅडम, चूक माझी आहे. पोरीला कशाला शिक्षा? ही घ्या, बामणोदची आहेत."

मॅडमनी वांगी हातात घेतली, तोलून बघितली. "चांगली शेतस," म्हणाल्या. मग परत माझ्या हातात दिली. "चूक तुमची ना भाऊ? मग तिच्या चौकोनात तुम्ही बसा."

मुली खो-खो हसायला लागल्या. मी वांगी लेकीकडे दिली, पँट वर ओढली आणि बसलो. बसलो म्हणजे काय, एक गुडघा पुढे, एक मागे, पोट मधे. शेजारणीचं तोंड पलीकडे, माझं अलीकडे. माझ्या पाठीमागे पळापळ चाललेली आणि मला त्यातलं काही दिसत नाही. पाठीवर थाप पडून "खो" ऐकू येईपर्यंत हलायचं नाही. तिसऱ्या मिनिटाला मला राहवलं नाही, मी थापेआधीच उठलो. शिट्टी! फाऊल. पुन्हा बसलो. मग खरोखरच पाठीवर थाप पडली, "खो!", आणि मला उठताच येईना. पायाला मुंग्या आलेल्या. एका मुलीने हात दिला.

"काका, तयार राहायचं असतं," ती म्हणाली.

मी रेषेकडे बघितलं. लेक हसत होती, पण दोन्ही वांगी तिने छातीशी घट्ट धरली होती.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "पप्पा, आता एकदाच."

"एकदाच काय?"

"एकदाच उशीर झाला, की संपलं."

दुसऱ्या दिवसापासून तिने मला हातात घेतलं. मला उठवायला ती हाका मारत नसे. पाठीवर एक थाप, "खो!" मी उठायचो. दुसरा चहा समोर दिसला, की थाप. पहिले काही दिवस मी कुरकुरलो. मग एका सकाळी थाप पडली तेव्हा मी आधीच जागा होतो, डोळे मिटून तिचीच वाट बघत.

संघ निवडायच्या दिवशी नाना नेमके तिथेच बसलेले. मला लांबूनच पाटी दिसली. लेकीचा हात माझ्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला. मी समोर दिसणाऱ्या दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमणीवर नजर रोखली आणि गाडी दामटली. वांगी डावीकडे होती. त्या दिवशी ती फारच देखणी होती, एवढंच सांगतो.

मॅडमनी नावं वाचली. दहा झाली तरी लेकीचं नाही. मी पँटची शिवण धरून उभा. अकरावं तिचं निघालं. तिने उडी मारली नाही, फक्त जाऊन आपल्या चौकोनात बसली.

"भाऊ," मॅडम म्हणाल्या, "आते वांगा लई या. बठ्ठ्या पोरीसले भरीत!" म्हणजे आता वांगी आणायची, ती सगळ्या पोरींसाठी.

धुळ्याला आमच्या पोरी दुसऱ्याच सामन्यात हरल्या, तरी परत येताना जीपमध्ये गाणी चालली होती. पुढच्या रविवारी मैदानाच्या कडेला तुरकाठ्यांवर वांगी भाजली. भरीत घोटून तयार झालं आणि मला घरून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आणायला पिटाळलं. घरी बायको पुऱ्यांचा डबा बांधत होती, तोवर मी एक चहा घेतला. खरं म्हणजे दोन.

परत आलो तेव्हा पंगत बसलेली. पुऱ्यांची वाट बघून शेवटी पोरींनी सोबत आणलेल्या भाकरीवरच सुरुवात केली होती. लेकीशेजारी एक पत्रावळ मांडलेली, त्या जागी कुणी नाही. मी डबा वाढणाऱ्यांच्या हाती दिला आणि तिकडे निघालो, तर लेकीने मान वर न करता बोटाने चुन्याची रेषा दाखवली.

मी मुकाट्याने रेषेबाहेर जाऊन उभा राहिलो. भरताचा वास तिथपर्यंत येत होता.