वायरलेस मिळून आला नाही

अंबरनाथचे ते प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून गेलेले नाही. खून-दरोड्यांचे तपशील आता पुसट झालेत, पण हे विसरता येत नाही. कारण त्यात मी पहिल्या दिवसापासून गोंधळलेलो होतो आणि त्या गोंधळाखाली माझी सही आहे.

ई-मेलवरून धमक्या येण्याचे तेव्हा नवे दिवस होते. बदलापूरच्या एका शाळेला दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या सकाळी बॉम्बची धमकी आली. शाळा रिकामी केली, पथकाने वर्गन् वर्ग तपासला, काही सापडले नाही. मेल कुठून आला हे इंटरनेट कंपनीकडून लेखी मागवले. पत्ता आला तो पालेगावच्या बाजूला नव्या उठलेल्या एका इमारतीतला. तिथे राहणारा माणूस सरकारी कचेरीत कारकून. लहानपण बुवापाड्याच्या वस्तीत गेलेले, आयुष्यातले पहिले स्वतःचे घर घेतलेला. शाळेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

पत्ता आला त्याच दिवशी त्याच्या समोरच्या इमारतीतला एक गृहस्थ पोलीस ठाण्यात आला. बोलावल्याशिवाय ठाण्याची पायरी चढणारा माणूस एक तर फार सरळ असतो, नाहीतर फार वाकडा. हा खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "साहेब, माझं नाव घेऊ नका. पण त्याच्या घरात वायरलेस आहे."

पोलीस ठाण्यात वायरलेस म्हणजे एकच. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर दिवसभर खरखरणारा तो संच. माझ्या हवालदाराचे डोळे चमकले. "खासगी माणसाकडे वायरलेस? साहेब, मामला मोठा आहे."

कारकुनाला आणले. मी दरडावूनच विचारले, "वायरलेस कुठे लपवलाय?"

"लपवला नाही साहेब. शोकेसवर आहे, बुद्धमूर्तीच्या बाजूला."

इतक्या सरळ उत्तराने मीच चपापलो. दोन पंच घेऊन त्याच्या घरी गेलो. शोकेसवर एक पांढरी डबी होती, तिला एक काडी आणि चार लुकलुकणारे दिवे. हवालदाराने ती उलटीपालटी करून विचारले, "साहेब, यात बोलायचं कुठून?"

कारकुनाने समजावले. पुण्यात इंजिनीअरिंग शिकणारी मुलगी सुट्टीत आली तेव्हा ही डबी बसवून गेली होती. तिच्यामुळे तारेशिवाय इंटरनेट चालते. पासवर्ड घालायचा राहून गेला. "याची रेंज भिंतीबाहेर पण जाते साहेब. कोणीतरी आमचं इंटरनेट वापरलं असणार."

हे तपासण्याची सोय माझ्याकडे होती, असे मला वाटत होते. वरून नुकताच कोरा लॅपटॉप मिळाला होता. प्रशिक्षणात दिलेल्या सीडीवरचे, आसपासची वायरलेस नेटवर्क शोधणारे सॉफ्टवेअर मी त्यात टाकून घेतले होते. ते सुरू केले. पडद्यावर खिडकी उघडली, आत यादी रिकामी. जिन्यात गेलो, गच्चीवर गेलो, शेवटी डबीला लॅपटॉप टेकवला. यादी रिकामीच. दिवे लुकलुकतायत आणि यंत्र म्हणते काही नाही. मला काही उमगेना. पण पंच घड्याळ बघत होते. मी पंचनाम्यात आमचे नेहमीचे वाक्य लिहिले : "सदर ठिकाणी वायरलेस नेटवर्क मिळून आले नाही." चाकू सापडला नाही, दागिना सापडला नाही, तरी आम्ही हेच लिहितो.

म्हणजे बाहेरच्याने इंटरनेट वापरल्याची त्याची गोष्ट खोटी ठरली. अटक केली. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या न्यायालयात तो पंचनामा दाखवून दोन दिवसांची कोठडी घेतली.

गाडीत बसताना तो म्हणाला, "साहेब, अठ्ठेचाळीस तास आत राहिलो की मी सस्पेंड. बावीस वर्षांत एक मेमो नाही मला."

न्यायालयातून परतलो तर त्याची बायको डबा घेऊन आलेली. चिडलेली होती, पण शब्द मोजून बोलत होती. "मुलगी फोनवर विचारते, तुमचा लॅपटॉप नवीन आहे का? नवीन असेल तर ते सॉफ्टवेअर त्याच्यावर चालत नाही म्हणते."

मी म्हणालो, "बाई, तपास आम्हाला करू द्या."

वेळ होता. त्याच दुपारी मी कोणाला तरी विचारू शकलो असतो. कॉलेजातली पोरगी फौजदाराला शिकवते, या रागात मी तो दिवस घालवला. खोटे कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप काखोटीला मारून उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. सिंधी माणूस, कानावर पेन्सिल. त्याने सॉफ्टवेअर उघडून पाहिले आणि हसला. "साईं, लॅपटॉप नया, सॉफ्टवेअर पुराना. याच्या आतल्या वायरलेस कार्डाशी त्याला बोलताच येत नाही. बहिरा बसलाय बिचारा."

"मग तसं सांगत का नाही? रिकामी यादी का दाखवतो?"

"त्याला कुठे माहीत आहे तो बहिरा आहे?"

त्याने पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक बटण दाबले. तिथे सात नेटवर्कची नावे आली. त्याच लॅपटॉपवर एका खिडकीत सात आणि दुसऱ्या खिडकीत शून्य. मग त्याने फळीवरचा जुना लॅपटॉप काढला, त्यात बाहेरून कार्ड खोचले आणि माझीच सीडी चालवली. तिथेही सात.

तो जुना लॅपटॉप मागून घेतला आणि पंचांसह पुन्हा पालेगाव गाठले. कारकुनाचे नेटवर्क रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचत होते. तिथे आमचा तो गृहस्थ राहत होता.

मी एवढेच विचारले, "समोरच्या घरात कधी गेला होतात?"

"छे, तोंडओळख पण नाही."

"मग तिथे वायरलेस आहे हे कसं कळलं?"

तेवढ्यावर त्याने सगळे कबूल केले. हजेरी कमी म्हणून शाळेने त्याच्या मुलाला परीक्षेला बसू दिले नव्हते. शाळेला घाबरवून परीक्षा पुढे ढकलावी, एवढाच त्याचा हिशेब. संशय समोरच्या घरावरच राहावा म्हणून तो आधीच ठाण्यात येऊन गेला होता. मेल त्याच्या लॅपटॉपमध्ये मिळाला.

कारकुनाच्या सुटकेसाठी कलम १६९ चा अहवाल घेऊन न्यायालयात धावलो. तो बाहेर आला तेव्हा अठ्ठेचाळीस तास कधीच उलटले होते. निलंबन झाले ते झालेच.

काही महिन्यांनी तो आपल्या खात्याच्या चौकशीसाठी पंचनाम्याची नक्कल मागायला आला. वाळला होता. मी बसवले, चहा मागवला. त्याने कागदावर बोट ठेवून ते वाक्य वाचले आणि म्हणाला, "साहेब, यात एक शब्द राहिला."

"कोणता?"

"'आम्हाला'. आम्हाला मिळून आलं नाही, असं लिहिलं असतं तर जजसाहेबांनी विचारलं असतं, का नाही मिळालं म्हणून."

मी माफी मागितली. त्याने मान हलवली, नक्कल घडी करून खिशात ठेवली आणि निघून गेला. चहाला त्याने हात लावला नव्हता. पुढे तो कामावर परत घेतला गेला, असे ऐकले. मी मात्र निवृत्त होईपर्यंत प्रत्येक पंचनाम्यात तो शब्द लिहीत राहिलो. वरिष्ठ म्हणायचे, ही भाषा नमुन्यात नाही. मी म्हणायचो, नसू दे.