कयाकच्या झाकणाची कडी

करवतीनं तापलेल्या प्लायवूडचा वास आला, की माझे पाय आजही एका जागी ठरत नाहीत. तेर गावी आमच्या अंगणात आठ महिने खपून मी कयाक, म्हणजे वरून झाकलेली निमुळती होडी, बांधली होती. सामान ठेवण्यासाठी तिच्या पाठीला चौकोनी तोंड पाडायचं तेवढं राहिलं होतं. कापून निघालेला तुकडाच झाकण होणार होता. तो शेवटी आत कोसळला, तर काठ फाटून सगळी मेहनत मातीत! मी होडीभोवती फेऱ्या मारत होतो. आयुष्यभर कपाटं केलेल्या मिस्त्रीचाचांनी मात्र कापण्याआधीच मधोमध पितळी कडी बसवली. मी ओरडलो, "चाचा, हे कपाट न्हाय!" कडी माझ्या मुठीत देत ते म्हणाले, "दार म्हटलं की कडी आलीच. धर घट्ट, अन् नाचू नको." बायको ओट्यावरून म्हणाली, "चाचा, आधी यांनाच खुर्चीला बांधा." करवत चौथ्या कोपऱ्याला पोचली, तुकडा सुटला आणि आत न पडता कडीसकट माझ्या मुठीत राहिला. मग मात्र मी अंगणभर नाचलो. कडी अजून तिथंच आहे. तेरणेच्या पाण्यावर मासेमार विचारतात, "सायेब, आत कुणाला कोंडलंय?" मी ओठांवर बोट ठेवतो आणि वल्हं मारत निघून जातो.