इंडियन सिटिझन

"आपण बाबा इथले पाहुणे!" असं म्हणत काका खुर्चीत मागे रेलायचे आणि मग समोरच्याची फिरकी घ्यायचे. इलिनॉय राज्यातल्या नेपरव्हिलमधल्या आमच्या मंडळींपैकी कुणी अमेरिकन नागरिकत्व घेतलं की त्याची धडगत नसे. मी घेतलं तेव्हा म्हणाले, "शपथेला हात वर केलास, खांदा आखडला नाही ना रे?" सगळे हसले. मीही हसलो. असे एक काका तुमच्याही ओळखीत असतील.

ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात बर्फ काढायच्या मशीननं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. मशीनमध्येच दोष होता, आणि कंपनी इथलीच, इलिनॉयची. वकिलाकडे मीच घेऊन गेलो आणि शेजारी बसलो. वकिलानं विचारलं, "नागरिक कुठले?" काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "इंडियन सिटिझन!"

वकील खूश झाला. दोन्ही पक्ष इलिनॉयचे असते तर असा दावा राज्याच्याच कोर्टात घालावा लागला असता. परदेशी माणूस विरुद्ध इलिनॉयची कंपनी म्हटल्यावर फेडरल कोर्टात जाता येत होतं, आणि त्याला तेच हवं होतं.

पुढे कंपनीच्या वकिलानं काकांना शपथेवर जबानीसाठी बोलावलं. सोबतीला मी होतोच. सुरुवातीलाच तोच प्रश्न आला. काका माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "तू जरा बाहेर थांबतोस का?"

अरे देवा! बाहेर उभं राहून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना गाडीत ते स्वतःच बोलले. "आईला आणायची होती रे. ग्रीन कार्डवर आईला बोलावता येत नाही."

"अहो काका, मग सांगायचंत ना! आम्ही सगळ्यांनीच घेतलीय की सिटिझनशिप."

"तुम्ही सांगून घेतलीत."

"मी कुणाला बोलणार नाही."

"तू नाही रे बोलणार. पण आता कोर्ट बदलावं लागणार, ते का, हे लोक विचारतीलच ना? काय सांगू?"

दोन्ही पक्ष इलिनॉयचेच निघाले, म्हणून फेडरल कोर्टानं दावा काढून टाकला. वकील वैतागला, पण म्हणाला, राज्याच्या कोर्टात पुन्हा घालू, तिथे नागरिकत्वाचा प्रश्नच येत नाही. काका सही करायला गेलेच नाहीत. मुदत संपत आली तेव्हा वकिलानं मला फोन केला आणि मी भर दुपारी त्यांच्या घरी गेलो.

काकूंनी दार अर्धवट उघडलं. "झोपलेत," म्हणाल्या. त्यांचीही मान खाली.

आत टीव्ही चालू होता. "काकू, नुसती सही करायचीय हो," मी म्हणालो. माझा आवाज ऐकून टीव्ही बंद झाला.