पूजेला मांडलेला बुधला

"रिकामं भांडं पूजेला मांडत्यात व्हय? पाण्यानं भरा की त्ये," थोरले काका अंगणातून म्हणाले, आणि माझ्या हातातली सुई झेंडूत तशीच राहिली.

मी माजघराच्या दाराआड तोरण करत बसले होते. भवानी पेठेत पुढे आमचं घर, मागे अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सूत रंगवायचा कारखाना आणि मधे अंगण. खंडेनवमीला कढया, काठ्या, तराजू असं सगळं धुऊन तिथे ओळीनं मांडत. त्या वर्षी होटगी स्टेशनावर अडकलेला माल सोडवायला अप्पा सकाळीच गेले होते. रंगारी आपल्या घरच्या पूजेत होता. म्हणून मांडणी गावाहून आलेल्या काकांनी हाती घेतली, आणि तेजाबाच्या कोठीतला बुधलाही त्यांनी उचलून आणला.

वेताच्या टोपलीत पेंढा घालून बसवलेला तो मोठा काचेचा बुधला. त्यातून गंधकाचं तेजाब, म्हणजे सल्फ्युरिक अ‍ॅसिड, येई. ब्लीचिंगमधून काढलेलं सूत टाकीभर पाण्यात थोडंसं तेजाब घालून त्यातून काढलं, की मग रंग सारखा बसे. बुधल्यांची कोठी वेगळी होती. तिथे ऊन पोचत नसे, आणि सूत किंवा लोखंड ठेवायची कुणाला परवानगी नव्हती.

बुधल्यावरच्या चिठ्ठीचा मजकूर इंग्रजी. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं; मी शाळेत शिकत होते. पहिला बुधला आला तेव्हा त्यांनी मला बोलावलं आणि "मोठ्यानं वाच, रंगाऱ्यालाही कळू दे," म्हणाले. रंगारी समोर उभा होता. "लिहून देते," एवढंच मी पुटपुटले. मग कागदावर ठळक अक्षरांत लिहिलं: आधी पाणी घ्यावे, मग त्यात तेजाबाची बारीक धार सोडावी. तेजाबावर पाणी कधीही ओतू नये. रिकामा बुधलाही भरलेलाच समजावा. अप्पांनी तो कागद कोठीच्या दारावर चिकटवला. येताजाता मी तो चोरून बघत असे. बोलायचं काम कागदानं केलं, म्हणून मला बरं वाटे.

काकांना वाचता येत नव्हतं. सकाळी कोठीच्या दाराला हळदीकुंकवाची बोटं ओढताना कागद मधे आला. "सणाला दारावर कसला कागूद?" म्हणत त्यांनी तो ओल्या हातानं सोलून काढला. तेही मी पाहिलं होतं, आणि फुलं ओवत राहिले होते.

बुधला रिकामा नव्हता. दोनच दिवसांपूर्वी रंगाऱ्यानं तो कलंडवून मधेच सरळ केलेला मी खिडकीतून पाहिला होता. "तळाला चार बोटं राहिलंय, पुढच्या खेपेला काढू," तो अप्पांना म्हणाला होता. टोपलीमुळे तळ दिसत नसे. आणि पाणी पडल्यावर काय होतं तेही मला ठाऊक होतं. एकदा चिनी मातीच्या मापातल्या तेजाबात रंगाऱ्याच्या ओल्या हाताचे दोन थेंब पडले. तेजाब तडतडून उडालं. त्याच्या मनगटावरचा पांढरट डाग अजून गेला नव्हता. इथे तर घागरभर पाणी पडणार होतं, आणि काकांचं तोंड बरोबर बुधल्याच्या तोंडावर होतं.

काकांसमोर मी बोलत नसे. गेल्या सणाला त्यांची एक चूक मी हळूच दुरुस्त केली, तर ते म्हणाले होते, "आता आमच्या मडमला इचारूनच पाणी प्यायाला पायजे!" सगळे हसले होते.

"आई," मी दाराआडून म्हटलं.

"झालं का तोरण?" आईनं वळूनही पाहिलं नाही. तिच्या कमरेवर भरलेली घागर होती. काकांनी बूच काढलं आणि नाक खाली नेलं.

"वास बी न्हाई कसला. रिकामंच हाय."

त्या तेजाबाला वास नसतो.

"भावजी, रंगाऱ्याला येऊ दे की," आई म्हणाली.

"पानी भराया रंगारी कशाला लागतोय? लगीन हाय का त्याचं हितं?"

आई हसली. त्यांनी तिच्या हातून घागर घेतली आणि काठ बुधल्याला टेकवला. मी उठले तेव्हा मांडीवरची फुलं उंबऱ्यापर्यंत सांडली. सुईदोरा पदराला अडकून मागे फरफटत आला. अंगणात माझी पावलं वाजली म्हणून काका घागर तशीच धरून माझ्याकडे बघू लागले.

"काय गं मडम? तू भरतीस व्हय?"

आई रागानं माझ्याकडे पाहत होती. मला कागद हवा होता, आणि कागद कोठीच्या दाराशी चिखलात पडला होता.

"काका, घागर खाली ठेवा," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला फार मोठा वाटला. "बुधला रिकामा नाही."