कमरुन्निसाच्या नावापुढची हिरवी खूण

नांदेडच्या इतवाऱ्यात गुलाम रसूल यांचं कूलर आणि मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानामागे घर, वर दोन खोल्या. प्रवेशपरीक्षांच्या क्लाससाठी गावोगावहून पोरी यायला लागल्या, तेव्हा क्लासजवळच्या श्यामनगरचं भाडं न परवडणाऱ्या काही जणी इकडे खोली शोधत आल्या. कमरुन्निसाने, म्हणजे गुलाम रसूल यांच्या बायकोने, त्यांना वरच्या खोल्या दिल्या. कुणी इस्लापूरची, कुणी मुखेडची. सगळ्या तिला मावशी मानून खाला म्हणत.

कमरुन्निसाचं माहेर औसा. त्र्याण्णवच्या भूकंपात तिची थोरली बहीण सासरच्या दगडमातीच्या भिंतीखाली गेली. "आमच्या भिंतींना पिढ्यान्‌पिढ्या काही होत न्हाई," असं बहिणीच्या सासऱ्यांनी सोयरीक जुळवताना सांगितलं होतं. ते खोटं बोलले नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. तेव्हापासून कुणी नुसतं चांगलं म्हणून सांगितलेलं कमरुन्निसाला पुरत नसे. बादली घेतली तर ती कडी ओढून बघे, कुकर घेतला तर आधी नुसतं पाणी उकळून बघे. दुकानदार वैतागत.

पोरी मोबाइलवरून काहीबाही मागवत आणि फसत. वाचायचा दिवा आठवड्यात विझे, डब्यातली आमटी दप्तरात सांडे. कमरुन्निसा प्रत्येक वस्तू हातात घेऊन आपलं मत सांगे. ते ऐकून तिच्या मुलीने, सुमय्याने, लग्न होऊन निजामाबादला जाण्याआधी आईच्या मोबाइलवर 'पारखी' नावाचं ॲप टाकून दिलं. वस्तू वापरलेल्या लोकांनी तिथे आपलं मत लिहायचं, ते वाचून बाकीच्यांनी तिथूनच खरेदी करायची.

"मला कुठं लिहिता येतंय?"

"बोल तू, अम्मी. मोबाइल लिहितो."

मग ती बोलायला लागली. 'डबा चांगला हाय. पण आमटी नेऊ नका, झाकण सैल होईल असं वाटून राहिलं. महिन्यानं परत सांगते.' आणि महिन्याने ती खरंच परत सांगे. वाचणाऱ्यांना तेच आवडलं. कोण कुठली माणसं तिला विचारू लागली, खाला, अमुक कूलर घेऊ का? जी वस्तू वापरली नाही तिच्याबद्दल ती 'मला म्हाईत न्हाई' एवढंच बोले.

एका विक्रेत्याने फुकट मिक्सर देऊ केला. ती त्याला फोनवर म्हणाली, "फुकटाचा मिक्सर चांगलाच वाटतोय हो. त्याला वाईट म्हणायला मी जीभ कुठून आणू?"

काही वर्षांनी तिच्या नावापुढे हिरवी खूण आली आणि खाली 'विश्वासू परीक्षक' असे शब्द. आता तिचं मत सगळ्यांत वर दिसणार होतं. गुलाम रसूल जिलेबी घेऊन आले. "आता माझ्या दुकानाबद्दलपण चार शब्द बोल की," ते म्हणाले. ती म्हणाली, "तुमचं दुकान वेळेवर उघडत न्हाई, तेवढं सांगू का?" त्या दिवशी घर खूप हसलं.

पुढची थंडी सरताना तिने पाणी तापवायच्या एका रॉडबद्दल लिहिलं. वरच्या पोरींनी तो हिवाळाभर वापरला होता. जाड नळी, भक्कम वायर. गुलाम रसूल यांनी उघडून बघितला होता. 'पोरींनी बिनधास्त घ्यावा,' असं ती बोलली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका दुपारी साठीकडे झुकलेले एक गृहस्थ दुकानात आले. हातात कापडी पिशवी. त्यांनी पत्ता विचारत विचारत घर शोधलं होतं.

"मी रेणुकादास. बिलोलीला शिक्षक होतो. 'पारखी'वर लिहितात त्या कमरुन्निसा ताई तुम्हीच ना?"

"हाव, मीच. बसा गुरुजी."

ते बसले नाहीत. पिशवीतून रॉड काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्यांची मुलगी मनस्विनी लातूरला होस्टेलवर राहून क्लास करत होती. तिने हा रॉड मागवला. बादलीला हात लागला आणि शॉक बसला. मैत्रिणीने बटण बंद केलं म्हणून जीव वाचला, पण उजवा हात भाजला. दोन बोटं सरळ होत नव्हती. वर्षाची परीक्षा हातची गेल्यातच जमा होती.

कमरुन्निसाने रॉड उचलला. नळी बारीक, वायर लेचीपेची. गुलाम रसूल यांनी प्लग उघडला. तिसऱ्या, अर्थिंगच्या पिनला वायरच जोडलेली नव्हती.

"गुरुजी, ह्यो तो रॉड न्हाई."

"नाव तेच आहे ताई. फोटो तोच आहे. वर मत तुमचंच आहे."

तसंच होतं. विक्रेत्याने जुन्या पानावरूनच नवा, हलका माल पाठवायला सुरुवात केली होती. रेणुकादास रागावले नव्हते. "भांडायला आलो नाही मी," ते म्हणाले, "तुमचं ते मत तेवढं काढून टाका. बाकी काय." चहा न घेता ते गेले.

ती लगेच मोबाइल घेऊन बसली. मत काढता येईना. विश्वासू परीक्षकाचं मत खरेदीदारांच्या हितासाठी कायम राहतं, असा नियम होता. तिने त्याच पानावर दुसरं मत बोलून टाकलं, घेऊ नका, माल बदललाय. ते 'तपासणीत' म्हणून अडकलं. गुलाम रसूल यांनी प्लगचे फोटो काढून पाठवले. उत्तर आलं की तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. तिने पुन्हा पाठवले, तेच उत्तर आलं. सुमय्याने निजामाबादहून तक्रार केली, तिलाही तेच. बोलायला माणूस म्हणून कुणी नव्हतंच. विक्रेत्याचा फोन बंद होता. पोलिसांनी सांगितलं, बिल लातूरच्या पत्त्याचं आहे, तक्रार तिथे करा. रेणुकादास आधीच लातूरलाही जाऊन हात हलवत परत आले होते.

ती श्यामनगरला होस्टेलांच्या दारात जाऊन सांगू लागली. एका रखवालदाराने तिला जाहिरातवाली समजून बाहेर काढलं.

शेवटी ती नवऱ्यासोबत बिलोलीला गेली. मनस्विनीची आई चंद्रप्रभा पाणी देऊन आत गेली, समोर बसली नाही. मनस्विनी डाव्या हाताने उत्तरपत्रिकेतले गोल रंगवण्याचा सराव करत होती. कमरुन्निसा तिच्याजवळ जाऊन बसली.

"खाला, मी तुमचं सगळं वाचलं होतं," मनस्विनी म्हणाली. "महिन्यानंतरचंसुद्धा."

"बेटा, माझा रॉड येगळा होता."

"माहीत आहे. बाबांनी सांगितलं." तिने पुन्हा पेन उचललं. त्या पोरीच्या बोलण्यात काही टोचणी नव्हती, म्हणूनच कमरुन्निसाला तिथे बसवेना.

परत आल्यावर तिने 'पारखी'वरचं खातंच बंद करून टाकलं. वाटलं, आता तरी ते मत जाईल. दुसऱ्या दिवशी बघितलं तर मत तिथेच होतं. फक्त नावाच्या जागी 'एक विश्वासू परीक्षक' असं आलं होतं. आता कुणी विचारायचं म्हटलं तरी तिच्यापर्यंत पोहोचणार नव्हतं.

वरच्या पोरींचं पाणी ती खाली गॅसवर तापवून देते. लिहिणं सुटलं. सुमय्या फोनवर म्हणते, "अम्मी, विसर आता. तुझा काय कसूर?"

"हाव," ती म्हणते. फोन ठेवला की नवऱ्याला हाक मारते, "अहो, ते पान उघडा बरं."

गुलाम रसूल उघडतात. पहिलीच ओळ येते, 'पोरींनी बिनधास्त घ्यावा.'

"हाय अजून?"

"हाय."