आठवा गणपती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्याबरोबर कॅमेरे घेऊन डोंगर पालथे घातले त्या मित्रालाही नाही. आता सांगतोय म्हणून लगेच मऊ होऊ नका — मला रडायचं वगैरे नाहीये.

तुम्ही कधी कॅमेरा घेऊन पॅकेज टूरला गेला आहात? नसाल, तर माझा राग तुम्हाला कळायचा नाही. अष्टविनायकाची बस होती, नारायणगावातून सुटलेली. जावं तिथे टळटळीत ऊन, नाहीतर मिट्ट अंधार. जरा कुठे कोन सापडला की टूरवाल्याची शिट्टी — चला, चला, जेवण गार होतंय! सात गणपती झाले आणि माझ्याकडे काय होतं? लोकांच्या पाठी, चपलांचे ढीग, आणि बसमधल्या झाडून सगळ्या जोडप्यांचे कमानीखालचे फोटो. गळ्यात कॅमेरा दिसला की लोक तुम्हाला घरचाच समजतात.

पण मी त्या बसमध्ये मुळात होतो कशाला? राजुरीच्या माझ्या आत्यासाठी. तिला आठही गणपती करायचे होते, गुडघे धड नव्हते, आणि तिच्या मुलाला कांदा काढणीतून निघता येईना. मग तिचा हात धरायला मी. तिची अट एकच — लेण्याद्री शेवटी हवा. घरच्या देवापाशी यात्रा पुरी व्हावी, म्हणून. जन्म जुन्नर तालुक्यात गेला, पण लेण्याद्री तिने पाहिलाच नव्हता. आपल्याकडे हे असंच — जवळचा देव काय, कधीही होईल, म्हणून राहून जातो.

तर लेण्याद्री. थंडीचे दिवस, ऊन कललेलं, आभाळ स्वच्छ. गणपतीशेजारच्या चैत्य लेण्यात अशा वेळी ऊन खांबांमधून आत शिरतं. थेट स्तूपापर्यंत, आणि तेही थोडाच वेळ. तुम्ही म्हणाल, हा इथल्याच, नारायणगावाजवळच्या वारूळवाडीचा, दुसऱ्या दिवशी गेला असता. गेलो होतो ना! कितीदा तरी. कधी ढग, कधी गर्दी, कधी धुरकट हवा. हा दिवस मला सोडायचा नव्हता.

आत्याला डोलीतून वर न्यायचं ठरलं होतं. डोली म्हणजे वाट बघा, बरोबरीने चाला, मग रांग, मग तिला सावरा — तोवर ऊन गेलं असतं. आणि डोलीवाले? ते तिथेच, पायथ्याशी चहा पीत बसले होते. मला दिसत होते. आत्याला, माझ्या आड, दिसत नव्हते.

"आत्या, डोलीवालं न्हाईत आज," मी म्हणालो. "घरचाच देव हाय. पुन्हा आनीन तुला."

झालं. एवढंच आहे ते.

ती "बरं" म्हणाली. पिशवीतला नारळ माझ्या हातात दिला. मी तिला बसमध्ये खिडकीशी बसवलं आणि पळत सुटलो. नारळ वाहिला का, विचारताय? वाहिला. इतकाही मी गेलेला नाही.

फोटो मिळाला. अगदी हवा तसा. खाली आलो, तर बसच्या खिडकीसमोरच डोली टेकत होती. आमच्याच बसमधली एक बाई तिच्यातून उतरत होती. आत्या शेंगा सोलत बघत होती. मला पाहून तिने मूठभर दाणे पुढे केले. "दमला असशील, खा." मी खाल्ले.

पुन्हा नेलं का? नाही. नेणार होतो, मग तिची कंबर मोडली. आता खाटेवरून उठवत नाही. येईल त्याला सांगते, "सात झालं माजं. आठवा घरचाच हाय." मी तो फोटो मोठा करून तिच्या खाटेसमोर लावला. का लावला? मला मिरवायचं होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "डोलीत बसून वर आली असती, तर मला पन घावला असता का रं ह्यो उजेड?"

लाज वाटली, अजून वाटते. पण तो मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो आहे आणि तो मी उतरवणार नाही. तसं ऊन पुन्हा पडलं, तर मी पुन्हा पळेन. आत्या मला ओळखून आहे. आता तुम्हीही.